एवढं एक झालं की

त्या बोटीला बोटदुरुस्तीच्या यार्डातले सगळे ‘बंगला’ म्हणायचे. बंगला जागचा हलत नाही, म्हणून. तिच्या मालकाचं नाव त्यांनी ‘एवढंएक’ पाडलं होतं आणि त्याच्या बायकोला ते शिवणकाकू म्हणत. काकूला या तिन्ही नावांचा राग यायचा. त्यातली पहिली दोन अगदी खरी होती, म्हणून जरा जास्तच यायचा.

नवऱ्याची नोकरी संपली तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, शिडाची बोट घ्यायची आणि उरलेलं आयुष्य बंदरं बघत काढायचं. काकूची ना नव्हती. जन्मभर तिनं लोकांचे पडदे शिवले होते, आणि पडद्यापलीकडचं जे काही दिसायचं ते लोकांनाच दिसायचं. दोघांनी राहतं घर विकलं आणि एक जुनी, पण धडधाकट बोट घेतली. तळाची डागडुजी करायला क्रेननं ती पाण्याबाहेर काढली, यार्डात लोखंडी टेकूंवर उभी केली, आणि नवरा म्हणाला, “एवढं एक झालं की निघायचं.”

त्याला आता सात-आठ वर्षं होऊन गेली. तळ झाला, मग डोलकाठीच्या तारा निघाल्या. मग इंजिन, मग इंजिनाखालचं लाकूड, मग त्या लाकडाखालचं आणखी काहीतरी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नकटी बिचारी कधीची तयार होती. विघ्नं काढत होता तो नवरदेव, हे काकूच्या ध्यानात यायला मात्र फार उशीर लागला.

राहायचं बोटीतच. पाण्यावरच्या बोटीत राहणं सुखाचं असेल, जमिनीवरच्या बोटीत राहणं म्हणजे माळ्यावर संसार करणं. स्वयंपाकाच्या ओट्यातल्या मोरीत पाणी सोडलं तर ते तळाच्या भोकातून खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडणार. म्हणून सगळं खरकटं पाणी बादलीत साठवायचं आणि शिडीवरून खाली न्यायचं, एक हात बादलीला, एक शिडीला. पाऊस असो, वारा असो, गुडघा सुजलेला असो. “माझ्या नशिबी शीड नाहीच, शिडी तेवढी आहे,” असं ती म्हणायची. ऐकणारे हसायचे, ती नाही.

रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. यार्डातल्या एका शेडमध्ये तिनं शिवणयंत्र मांडलं आणि लोकांची फाटकी शिडं शिवायला घेतली. शिवलेलं शीड नीट बसतंय का, हे बघायला ती बोटवाल्यांबरोबर खाडीबाहेर जाऊन यायची. कुणी ना कुणी सुकाणू तिच्या हातात द्यायचं. असं करता करता ती बोट हाकायला चांगली शिकली. नवऱ्याला कितीदा म्हणाली, “अहो, तुम्हीही चला की.” तो म्हणायचा, “हाताला ग्रीस आहे.” इतकी वर्षं हाताला ग्रीस.

दरसाल ओळखीच्या बोटी पाण्यात उतरायच्या, निघून जायच्या, आणि आपल्याच हातची टीप मारलेली शिडं दिसेनाशी होईपर्यंत काकू धक्क्यावर उभी राहायची. लेक फोनवर म्हणायची, “आई, पुरे झालं. तू आपली माझ्याकडे ये.” काकू विषय बदलायची. यंदा तिनं बदलला नाही. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “या उधाणाला बोट पाण्यात गेली नाही तर मी लेकीकडे जाते. कायमची.” धक्क्याजवळ पाणी उथळ होतं आणि त्यांच्या बोटीचा तळ खोल, त्यामुळे उधाणाच्या मोठ्या भरतीलाच ती उतरवता येत होती. ही भरती गेली की मग हंगामच गेला.

नवरा मान खाली घालून कामाला लागला, खोटं कशाला बोला. दोघांनी मिळून तळ घासला, नाकाला फडकी बांधून, डोळ्यांत धूळ जाईपर्यंत. तांबडा रंग काकूनं लावला. टेकूंच्या गाद्यांखालचे चौकोन तेवढे कोरे राहिले. ते बोट क्रेनला लटकली की घाईघाईनं रंगवायचे असतात. इतरांच्या बोटींखाली ते रंगवायला ती किती वेळा ब्रश घेऊन धावली होती.

क्रेन यायच्या आदल्या दुपारी मोरीखालचं कपाट पुसायला तिनं दार उघडलं, तर आत उजेड. बोटीच्या पोटात, कपाटाच्या तळाशी, वाटीएवढं गोल भोक होतं आणि त्यातून खालची खडी उन्हात लख्ख दिसत होती. मोरीचं पाणी बाहेर सोडणारी पितळी तोटी कुणीतरी काढून बाजूला ठेवली होती.

“तोटी जाम वाटत होती,” नवरा म्हणाला. “काढून बघितली, तर तिला आवळणारा नट चिरलेला. नवा मागवायला हवा. एवढं एक झालं की…”

“नट दाखवा.”

“फेकला.”

“कुठे?”

“भंगाराच्या पिंपात.”

काकूनं भंगाराचं पिंप खडीवर उपडं केलं. गंजके खिळे, तारा, डब्यांची झाकणं, सगळं हातानं चाळलं. नट नव्हता. ती तिथेच गुडघ्यावर बसली असताना तिला घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंडावर विचारलं असतं तर त्यानं आणखी एक कारण शोधलं असतं. अडीअडचणीला प्रत्येक बोटीवर लाकडी बुचं ठेवतात. त्यातलं एक घेऊन तिनं भोकात हातोडीनं ठोकलं. ठोकताना गरजेपेक्षा बरेच घाव घातले.

सकाळी भरती चढायला लागली आणि क्रेनवाला आला. “आज नको,” नवरा म्हणाला, “तळाला भोक आहे.”

“उचल,” काकू म्हणाली.

क्रेनवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पट्टे पोटाखालून ओढून घेतले. त्याला बिचाऱ्याला यार्डात रोज काकूच दिसायची, म्हणून त्यानं तिचंच ऐकलं. बोट उचलली गेली, टेकू बाजूला झाले, आणि काकूनं ते कोरे चौकोन एकेक करून तांबडे केले. मग क्रेन बोटीला घेऊन हळूहळू धक्क्याशी आली. बोट खाली सोडली, तळ पाण्यापासून हातभर वर राहिला, डेक धक्क्याच्या बरोबरीला आलं. काकू सरळ पाऊल टाकून बोटीत गेली.

“सोड पाण्यात,” ती म्हणाली.

“काकू, बूच निसटलं तर?” क्रेनवाला म्हणाला.

“बुडेन. पाण्यात तरी बुडेन. जमिनीवर बुडून झालंय माझं.”

क्रेनवाल्यानं हात कळीवर ठेवला. तेवढ्यात नवरा म्हणाला, “थांब.” त्यानं आतल्या खिशात हात घातला आणि नट काढून तळहातावर धरला. पितळी, चकचकीत, कुठे ओरखडासुद्धा नाही.

लग्न झाल्यापासून ती त्याला ‘अहो’ म्हणत आली होती. भांडणातसुद्धा. त्या दिवशी ते गळून पडलं.

“तू चोर आहेस,” ती म्हणाली. “माझी वर्षं चोरलीस. माझं घर विकायला लावलंस आणि मला शिडीवर टांगून ठेवलंस. का?”

त्यानं नट मुठीत मिटला. मग म्हणाला, “भीती वाटते.”

“कशाची?”

“पाण्याची. कागदावर वाटली नव्हती. बोट बाहेर काढली त्या दिवशी तळ बघितला आणि कळलं, आपल्यात आणि पाण्यात एवढंच. बोटाएवढी जाडी. मग तुला सांगायची लाज वाटली.”

“आणि मला भीती वाटत नव्हती?” तिचा आवाज चिरका झाला. “रोज वाटायची. शिडी ओली असायची, बादली भरलेली, गुडघा धरलेला. तरी उतरायची. तू वर बसून खालचं काम शोधत होतास. एक शब्द बोलला असतास, भीती वाटते, एवढाच, तर घर विकलं नसतं मी. तुझ्याबरोबर खिडकीत बसून लोकांच्या बोटी बघितल्या असत्या. सुखानं.”

क्रेनवाला तोंड फिरवून समुद्राकडे बघत होता. नवरा बोटीत उतरला. मोरीखाली वाकला, बूच काढलं, तोटी बसवली, नट आवळला. काकू पाना हिसकावून स्वतः परत आवळून आली. मग बोट पाण्यात सोडली. काकूनं कपाटाच्या तळाशी हात फिरवून बघितला, कोरडं होतं. पट्टे निघाले आणि बोट हलली, आपल्या अंगानं, तिला हवी तशी.

इंजिन चालू झालं. नवरा म्हणाला, “आज नुसती धक्क्यालाच बांधली तर?”

“मी चाललेय खाडीबाहेर. दोर सुटायच्या आत उतरायचं तर उतर.”

तो उतरला नाही. वरही थांबवेना त्याला. मोरीपाशी खाली जाऊन बसला, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून. काकूला त्याची दया आली नाही. येईल कधीतरी, पण त्या दिवशी आली नाही. खाडीचं तोंड जवळ आलं, पहिली मोठी लाट बोटीखालून गेली, आणि तिनं खाली वाकून सांगितलं. तू म्हणावं की तुम्ही, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

“भीती वाटली की सांगायचं. काम काढायचं नाही.”

लाटा वाढल्या. तिनं शीड वर ओढलं, इंजिन बंद केलं, आणि एकाएकी सगळं शांत झालं.

“वाटतेय,” खालून आवाज आला.

“ऐकलं,” ती म्हणाली, आणि सुकाणू होतं तसंच धरून ठेवलं.