लाटणं थांबलं तर छापायचं

कमल गेल्याचं सांगायला तिची सून आली, तेव्हा मी उडदाचं पीठ चाळत होते. "तुमच्यासाठी एकच सांगून गेल्या," सून म्हणाली. "शेवटचं प्रकरण पापडाला वाचा. हात थांबले न्हाईत तर कादंबरी छापू नका." जातानाही बाईला परीक्षेचीच पडलेली...

आम्ही दोघी पाटोद्यात एकाच गल्लीत राहून ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या. तरुणपणी मी दुसऱ्या कुणाचं वाचत नसे, प्रभाव पडेल म्हणून. "पडू दे की थोडा," कमल म्हणायची, "लई बरं होईल." ती मात्र मिळेल ते वाचायची, आणि उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया पापडाला बसल्या की स्वतःचं लिहिलेलं त्यांना ऐकवायची. ज्या पानावर लाटणी थांबतील ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. मीही एकदा मोठ्या तोऱ्यात माझी लढाई वाचली. माझी राणी घोड्यावरून उतरायचं नाव घेईना, बोलायची तर ताम्रपटासारखी. बायांनी दुपारच्या आत सगळं पीठ लाटून संपवलं. "शांते, तुझ्या लढाईत पापड लई पातळ झाले बघ," कमल म्हणाली. "पर ही बाई जेवती कधी?" मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. राणी अजून उपाशीच आहे.

कमलची ही कादंबरी निजामाच्या काळातल्या एका गढीवरच्या स्वयंपाकिणीची. आता ती कमलची म्हणून वाचली असती, तर हात डोळे पुसायलाच थांबले असते, आणि असलं फुकटचं पास होणं तिला चाललं नसतं. म्हणून मी ठोकून दिलं, माझंच आहे. बाया एकमेकींकडं बघून हसल्या आणि भराभरा लाटायला लागल्या.

"काकू, घोडा कधी येतो?" गल्लीतल्या सरूनं विचारलं.

मी वाचत राहिले. गढीवरची माणसं लढायला गेलेली, दिवस कललेला, आणि पीठ मळून बसलेल्या त्या बाईला कळेना, भाकरी किती जणांच्या थापायच्या... तिथं मला एकदम माझाच आवाज मोठा वाटला. लाटण्यांची खडखड बंद पडली होती. मी मान वर केली.

"थांबलात कावून? वाचा की," सरू म्हणाली. मग लाटणं खाली ठेवून, "काकू, ही बाई तुमची न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले.

कादंबरी छापायला गेली. त्या दिवशी बायांच्या हातातले अर्धवट लाटलेले पापड तसेच जाड वाळले. तळले की मधे कच्चे राहतात, दाताला चिकटतात. माझी सून टाकून देणार होती. मी ते डब्यात भरून पलंगाखाली सरकवलेत, आणि रोज एक तळून घेते.