पनवेलची दोन सीटांची गाडी आणि एक प्रक्षिप्त भोंगा

मोटारीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्य मुलांना संस्कृत शिकवण्यात गेलं. पण माझे दोन मित्र जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे भक्त आहेत, आणि भक्त म्हटले की पंथ आलेच. फ्रामजी मूळपाठवादी. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, मग टप फाटका का असेना. दिनू परांजपे अलंकारवादी. त्याला लालभडक रंग हवा, चकचकीत निकेल हवं आणि मोकळा रस्ता हवा.

पनवेलचे एक डॉक्टर गेल्या वर्षी वारले. त्यांची दोन सीटांची विलायती गाडी कुणाच्या तरी हवाली करून त्यांच्या पत्नी आठवड्याभरात नागपूरला लेकीकडे कायमच्या जाणार, असं कळलं आणि ती गाडी दोघांनाही हवी झाली.

"मास्तर, तू पण चल," फ्रामजी म्हणाला. "भांडण झाला तर सोडव."

रविवारी सकाळी सहाला दादरहून दोन गाड्यांतून निघालो. ठाण्यापर्यंत मी फ्रामजीशेजारी, मूळ टपाच्या मूळ भोकांतून येणारा मूळ वारा खात. पुढे दिनूच्या गाडीत. तिथल्या गादीला इतकं पॉलिश होतं की प्रत्येक वळणाला मी दाराला भेटून येत होतो. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल ठाण्यातच भरा. शीळफाट्यावर चहा घ्या. ग्लासाला दहा नवे पैसे पडतात, पण आलं सढळ असतं. तिथून तळोज्यापर्यंत भाताची खाचरं, बगळे आणि खड्डे. खड्ड्यांबाबत मात्र दोन्ही पंथांचं एकमत दिसलं.

साडेनवाला पनवेल. हवेत खाडीचा खारटपणा, आणि रस्त्याकडेला बैलगाडीची नवीकोरी चाकं ओळीनं उभी. डॉक्टरीणबाईंनी (गावात त्यांना सगळे असंच म्हणतात) तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे केलं. एवढ्या बिरड्यावर मी कुठल्याही पंथात गेलो असतो.

मग गाडी पाहिली. निळा रंग विटलेला, पण इंजिन एका हाकेला ओ देणारं. फ्रामजीनं तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि दाराशी येऊन थबकला. तिथे पितळी कर्णा आणि रबरी फुगा असलेला एक देशी भोंगा बसवलेला होता.

"हा ओरिजनल नाय."

"आणि दिसतोही भयंकर," दिनू म्हणाला. "पहिला हा काढायचा."

खड्डे सोडले तर दोघांचं एकमत झालेलं मी पंधरा वर्षांत प्रथमच ऐकलं. मला राहवलं नाही. "अरे, पोथीतही नंतर कुणीतरी घातलेले श्लोक असतात. प्रक्षिप्त म्हणतो आम्ही त्यांना. पण कधीकधी लोकांना तेच पाठ असतात."

बाई हसल्या. "विलायती हॉर्नला बैल बुजायचे हो. एकदा एक बैलगाडी नाल्यात गेली. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी बाजारातून हा आणला. चला, एक फेरी मारून येऊ."

दिनू चालवायला बसला, बाई शेजारी, आणि मागून फ्रामजीच्या गाडीत फ्रामजी नि मी. कोन गावच्या वाटेला लागल्यावर समोर बैलगाडी दिसली आणि दिनूनं भोंगा दाबला. बैल जराही बुजले नाहीत. पण पलीकडच्या घरातून एक म्हातारी पदर सावरत धावत आली. दोन्ही गाड्या थांबल्या.

"डाक्तर आयलं काय?"

बाई खाली उतरल्या. "नाही गं. डॉक्टर गेले ना, मागल्या साली."

"ठाव हाय गो बाय," म्हातारी म्हणाली. "पन भोंगा आयकला, न् पाय ऱ्हायलं नाय." तिनं बाईंचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

परत येऊन अंगणात उतरल्यावर फ्रामजी म्हणाला, "बाई, भोंगा राहील. कारखान्याला काय म्हाईत? गाडी मी जशी हाय तशी ठेवेल. धूळ लागू देनार नाय."

सगळ्यांनी दिनूकडे पाहिलं. तो बिचारा चुळबुळला. "वहिनी, मला खोटं बोलता येत नाही. रंग मी देणारच, लाल. आणि चालवणार. दर रविवारी."

बाई म्हणाल्या, "फ्रामजीशेठ, तुम्ही तिला जपाल, ठाऊक आहे मला. पण हे असताना ती एक दिवस नुसती उभी राहिली नाही. दिनूभाऊ, तुम्ही न्या. आणि भोंगा आत्ताच काढा."

"काढू?" दिनूच चकित. मीही. माझा प्रक्षिप्त श्लोक निकालात निघाला होता.

"तो वाजला की लोक बाहेर येतात. आणि गाडीत डॉक्टर नसतात. बरं नाही ते."

दिनूनं पाना घेऊन भोंगा सोडवला. फ्रामजीनं घसा खाकरला. "बाई, तो मला देशील?"

बाईंनी पदरानं पितळ पुसून भोंगा त्याच्या हातात दिला.

परतीची वाट तीच आणि खड्डेही तेच. गाड्या तीन आणि चालवणारे दोनच, म्हणून दुसऱ्या सकाळी दिनू चावी घेऊन एसटीनं पुन्हा पनवेलला गेला आणि गाडी घेऊन आला. आता ती लाल आहे आणि, अलंकारवाद्यांची क्षमा मागून सांगतो, निळीच बरी दिसायची. पण दर रविवारी ती धावते, एवढं खरं.

परवा फ्रामजीकडे गेलो होतो. ज्या घरात मूळचा नसलेला एक खिळाही चालत नाही, तिथे बैठकीच्या टेबलावर भोंगा ठेवलेला. मी सहज फुग्याकडे हात नेला.

त्यानं घाईनं माझं मनगट धरलं.

"नको, मास्तर. कोन बाहेर आला तर काय सांगेल मी?"