दारापुढच्या तीन पायऱ्या

आमचे बाबा गवंडी आहेत. साइटवर त्यांना सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. बाबांना तो लागतच नाही. एक डोळा मिटून नुसत्या नजरेनं सांगतात. "ओळंबा आला रे, पोटं आत घ्या!" असं कामगार ओरडतात आणि बाबाही हसतात.

सिमेंट घट्ट होणार याची मला जेवढी खात्री असते, तेवढी प्रभू येशू परत येणार याची बाबांना. कधीतरी नाही, आपल्या हयातीत. आम्ही लहान असताना जेवता जेवता ते मध्येच ओरडायचे, "आले!" की मी आणि ताई हातातला घास टाकून गल्लीत पळायचो. प्रभू येताना आकाशात कर्णा वाजेल आणि ते आपल्या माणसांना घेऊन जातील, तेव्हा असंच धावायचं, मागे वळून बघायचं नाही, ही त्याची तालीम. ताई कायम पहिली. दारापुढच्या तिन्ही पायऱ्या ती एका उडीत उतरायची. मी रडत मागून.

ती तेरा वर्षांची असताना तिच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ताई वाचली, पाय गेले. तेव्हापासून बाबांनी ती हाक कधी मारली नाही.

याला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात बाबांनी बँकेला, दवाखान्याला, शाळेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून दिले. आमच्या पायऱ्या तशाच राहिल्या.

"जगाच्या खुर्च्या वर चढवता," आई म्हणायची, "घरातली एकच तेवढी जड झाली का?"

"ती चालत उतरणार आहे. प्रभू आले की त्या क्षणाला. उतार बांधला म्हणजे त्यांना सांगितल्यासारखं होईल, की तुम्ही नाही आलात तरी आमचं भागतंय."

दर रविवारी ते ताईला उचलून खाली आणायचे, चर्चमध्ये उपासनेला न्यायचे, परत वर ठेवायचे. बाकी सहा दिवस ताई घरात. सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. उंची दीड फूट, म्हणून उताराची लांबी अठरा फूट, अंगण अकरा फूट, तेव्हा मध्ये एक वळण. बाबांनी बराच वेळ बघितलं. "माप बरोबर आहे," म्हणाले आणि घडी घालून कागद परत दिला.

ताईचाही तेवढाच विश्वास होता.

गेल्या महिन्यात एका बुधवारी आई तिची औषधं आणायला दवाखान्यात गेली आणि रांगेत अडकली. माझी परीक्षा होती, फोन बंद. बाबांचा फोन साइटवर खुंटीला टांगलेल्या शर्टात. कोपऱ्यावरच्या शाळेत नवीन बँड आला होता, त्याचा सराव सुरू झाला. ताईला फक्त कर्णा ऐकू आला. एकच लांब सूर.

तिनं उठायचा प्रयत्न केला. खुर्चीतून पडली. तिघांनाही फोन लावले, कोणी उचलला नाही. शेजारच्या मावशी आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, त्यांनाही हाका मारून झाल्या. त्या नेमक्या लेकीकडे गेल्या होत्या. मग ती कोपरांवर सरपटत दारापर्यंत आली. पुढे पायऱ्या.

चार तासांनी बाबा आले, तेव्हा ती उंबऱ्यावर पडली होती. कोपरं सोललेली. बाबांचा चेहरा तिनं दोन्ही हातांनी चाचपला.

"तुम्ही आहात?"

"आहे की गं. काय झालं?"

"मला वाटलं, ते येऊन गेले. तुम्हा सगळ्यांना नेलं. माझे पाय काही उठले नाहीत, म्हटलं, मला नाही घेतलं."

बाबा तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. सकाळी वाळू, खडी उतरवून घेतली. माझा कागद मागितला. मी म्हटलं, "लाकडी फळ्या टाकू या का? ताई चालायला लागली की काढता येतील." ते पायरीवर छिन्नी मारत होते. "काँक्रीट," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. "काय ओळंबा, विश्वास ढळला की काय?"

"साहेब, ती चार तास एकटी होती," बाबा म्हणाले. पाळकसाहेबांनी बाही वर केली आणि घमेलं उचललं.

काँक्रीट ओतलं, त्यावर ओली पोती अंथरली. बाबा पाणी मारत होते. ताई दारात खुर्चीवर.

"किती दिवस, बाबा?"

"सात. तोवर चाक घालायचं नाही."

"आणि तोवर प्रभू आले तर?"

बाबांनी बादली खाली ठेवली. आयुष्यभर ज्या धावण्याची तालीम केली, ती त्यांनी तिथे, चिखलाच्या हातांनी, सोडून दिली.

"मी घरातच आहे सातही दिवस. आले तर आधी तुला उचलीन, मग बाहेर पडीन."

"तेवढ्यात ते निघून गेले तर?"

"तर जाऊ देत," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा बादली उचलली आणि पोत्यांवर पाणी ओतत राहिले, पोती भिजून पाणी अंगणात वाहायला लागलं तरीही.