त्या रविवारच्या भाकरी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडून अनोळखी आवाज म्हणाला, "कुसुममावशी का? मी सुजाता, सांगलीच्या ताराबाईंची मुलगी. आई परवा गेली हो." मी "अगं बाई" म्हटलं, कधी, कशानं ते विचारलं. झोपेतच गेली हे ऐकल्यावर "सुटली बिचारी" असंही म्हणाले. अशा वेळी जे सगळे म्हणतात ते म्हणून झालं, फोन ठेवला आणि पुन्हा मेथीकडे वळले. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ती गोष्ट ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. म्हणजे जिवाभावाची मैत्रीण गेल्याचं कळल्यावर मला आधी हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते... पण वाटलं होतं हे खरं आहे.

तारा आणि मी एकत्र राहिलो ते जेमतेम दीड वर्ष, साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांत कधीतरी. पाटण तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव, एसटी दोन मैल अलीकडेच सोडायची. मी वाईची, ट्रेनिंग संपवून नुकती मास्तरीण झालेली, वय एकवीस. तारा तासगावकडची, माझ्याआधी चार महिने तिथं रुजू झालेली. तिच्या वडलांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म स्वीकारला होता. गावात तिला कुणी खोली दिली नाही, म्हणून शाळेच्या टोकाला मोडकी बाकं ठेवायची जागा होती ती रिकामी करून दिलेली. मला पाटलांच्या घरी माडीवरची चांगली खोली मिळत होती. ती नको म्हणून मी ताराच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. ट्रेनिंग कॉलेजात मी समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, त्याची धुंदी उतरली नव्हती. वडलांना मात्र पत्रात लिहिलं ते एवढंच, की शाळेतच खोली मिळाली आहे आणि सोबतीला दुसऱ्या एक बाई आहेत. कोण बाई ते लिहिलं नाही. माझी सुधारणा पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत येत असे.

आमची कामाची वाटणी पहिल्या आठवड्यातच ठरली. पाणी मी आणायचं, भाकरी तिनं करायच्या. मला घरात "शिकणारी" म्हणून चुलीपासून लांब ठेवलेली, त्यामुळे माझी भाकरी परातीतच फाटायची. तारा ती उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, "ही भाकरी न्हवं, नकाशा हाय. ह्यातलं कोकण कुठलं आन् देश कुठला, तेवढं सांग." आणि पाणी मी का आणायचं? तर वरच्या आडावर बायका तिला पोहरा टाकू देत नव्हत्या. हे आम्ही दोघींनी एकदाही तोंडानं बोलून दाखवलं नाही. मी घागर घेऊन निघायचे, ती पीठ घ्यायची आणि वाटणी अगदी बरोबरीची झाली असं मी मनाला सांगायचे. आडावर कुणाला चार शब्द ऐकवावेत असं मला दीड वर्षात कधी सुचलं नाही. निबंधात आडाचा मुद्दा होता, चांगला अर्धा पानभर.

पण ते दिवस सुखाचे होते, हेही सांगायला हवं. ती पहिली-दुसरी घ्यायची, मी तिसरी-चौथी. मध्ये फक्त कुडाची भिंत, आणि आमची खोली आणि तिचा वर्ग ह्यांच्यामध्येही तशीच. तिच्या वर्गातले पाढे माझ्या वर्गात ऐकू यायचे आणि माझं रागावणं तिच्या वर्गात. संध्याकाळी ती माझी नक्कल करून दाखवायची. मुलांशी शुद्ध बोलणारी तारा खोलीत पाऊल टाकलं की तासगावची व्हायची. पगार झाला की आम्ही पाटणच्या बाजारात जायचो आणि परतीच्या वाटेवर चुरमुरे खात डोंगर चढायचो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर ती स्वतःची एक चप्पल मला द्यायची, म्हणायची, "एकेक पाय दोघींचाबी भाजू दे." इतकी वर्षं झाली, तिच्याबरोबर हसले तितकं मी पुढे कुणाबरोबर हसलेले नाही. घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या स्थळांचं घरी चाललं होतं. एका शनिवारी दुपारी वडलांचं पत्र आलं. साताऱ्याला कचेरीत नोकरी करणारा मुलगा, घरची शेती, माणसं चांगली. मुलाची आई आणि मामा येत्या रविवारी मुलगी बघायला शाळेवरच येताहेत, मीही बरोबर आहे, जेवणाचं बघ. मुलीला स्वयंपाक येतो असं मुलाच्या आईला सांगितलं आहे, हे शेवटच्या ओळीत. मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. तारानं ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं. मी करती की. तू फकस्त साडी नीट नेस." 

सकाळी लवकर उठून तिनं बारा भाकरी थापल्या. दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, खर्डा. घरून आणलेली ज्वारी संपत आली होती, तिनं डबा झाडून पीठ काढलं. नऊ वाजले, साडेनऊ झाले. पाहुण्यांची एसटी फाट्यावर आली असेल. मी तिला "तू आता जा" म्हटलं नाही. तेवढी शरम होती. मी फक्त दारात उभी राहून पुन्हा पुन्हा वाटेकडे बघत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. तिनं हात धुतले, पदराला पुसले. "मी वर्गात बसती," ती म्हणाली, "वह्या तपासायच्या ऱ्हायल्यात." मी म्हणाले, "अगं, कशाला?" ती थांबली. माझ्या तोंडाकडे तिनं नीट बघितलं. मग वह्यांचा गठ्ठा उचलून गेली. कुडापलीकडच्या वर्गात बाक सरकल्याचा आवाज मी ऐकला.

पाहुणे आले, बसले, मी वाढलं. मामा पलटणीतून सुट्टीवर आलेले, पहिल्या घासालाच म्हणाले, "एकदम फस्कलास." माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी भाकरी हातात धरली, पापुद्रा उचलून बघितला. "भाकरी कुनी शिकवली गं तुला?" मी म्हणाले, "आईनं." वडलांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटात घातली. आमच्या घरी मी कधी पीठ मळलेलं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सासूबाईंची नजर खोलीभर फिरत होती. दोन वळकट्या, दोन ट्रंका. "दुसऱ्या बाई कुटं गेल्या?"

"गावी गेल्यात."

"कुनापैकी हायत?"

"आपल्यातल्याच," मी म्हणाले. अजिबात न अडखळता. कुडापलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला, तो मला ऐकू आला आणि मी मुद्दाम मोठ्यानं "आणखी आमटी वाढू का?" असं विचारलं.

आज वाटतं, खरं सांगितलं असतं तर सासूबाई ताटावरून उठल्या असत्या का? उठल्या असत्या बहुतेक. पण नसत्याही उठल्या कदाचित... मी ती संधी त्यांनाही दिली नाही. त्यांनी तिथंच, हातावर पाणी घ्यायच्या आधी, वडलांना सांगितलं, "आमच्या घराला असल्याच हाताची सून पायजे हुती." निघताना मामांसाठी वाटेत खायला उरलेल्या भाकरी मी फडक्यात बांधून दिल्या. सगळ्या.

ते फाट्याकडे उतरून गेल्यावर मी वर्गात गेले. तारा लाल शाईनं वह्यांवर खुणा करत होती. "ठरलं बहुतेक," मी म्हणाले. "ऐकलं मी," ती म्हणाली. मग वही मिटून, "माझ्यापुरती ठेवलीस न्हवं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नाही. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "चुरमुरं हायत." त्या दिवशी ती माझ्याशी हसूनच बोलली, दुसऱ्या दिवशीही. नक्कल मात्र तिनं पुन्हा कधी केली नाही.

लग्नाची पत्रिका मी शाळेत सगळ्यांना दिली. तिला देताना म्हणाले, "वाईला तुझ्या ओळखीचं कुणी नाही, तू कंटाळशील." ती म्हणाली, "व्हय, सुट्टीबी न्हाई." लग्नानंतर माझी बदली साताऱ्याला झाली.

साताऱ्याला आल्यावर माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सासूबाई परात पुढे सरकवून कौतुकानं बसल्या आणि मी त्यांच्यापुढे नकाशा थापला. "चूल वेगळी," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात "पीठ वेगळं." मग "पाणी वेगळं." जाड, चिरलेल्या भाकरी घर निमूटपणे गिळत राहिलं. सासूबाईंनी शेवटी मनाशी ठरवून टाकलं, की ही बाहेरच्यांसाठी मन लावून करते आणि घरच्यांसाठी करत नाही. त्या जाईपर्यंत त्यांची ही तक्रार होती, आणि ती ऐकून घेण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. आमचे हे अजूनही चारचौघांत म्हणतात, "पाटणच्या पाण्यातच जादू होती बघा." सगळे हसतात, मीही हसते.

तारा पुढे सांगलीला मुख्याध्यापिका झाली. साताऱ्यात शिक्षकांच्या शिबिरात आम्ही एकदा भेटलो, तेव्हा दोघींच्याही केसांत पांढरं आलं होतं. चहा घेताना तिनं हळूच विचारलं, "भाकरी जमती का आता?" माझे डोळे भरले. तिथंच सगळं बोलून टाकावं, पाय धरावेत असं वाटलं. तेवढ्यात कुणी तरी हाक मारली आणि मी बरं झालं म्हणून उठले. माझं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मी तिला घरी ये म्हटलं नाही. सासूबाई तेव्हा होत्या.

सुजाताच्या फोननंतर पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्याकडे मृतासाठी जी प्रार्थना करतात तिला, मी एकटीच सांगलीला गेले. घर माणसांनी भरलेलं. प्रार्थना झाल्यावर सुजातानं मला हाताला धरून मधे बसवलं आणि म्हणाली, "ह्याच कुसुममावशी. आई नेहमी सांगायची, की आमच्या पाटणच्या खोलीत कुसुमचे पाहुणे आले. सासूनं विचारलं, भाकरी कुणी केली, तर कुसुमनं मला वर्गातून हाताला धरून आणलं आणि सांगितलं, ही माझी मैत्रीण, हिनं केलीय. त्या काळात, मावशी! सासूबाई पण मोठ्या मनाच्या, म्हणाल्या, पुन्हा एक वाढा." सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. एका मुलीनं वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी काही बोलले नाही. पुन्हा एकदा बोलले नाही. मग सुजातानं मला ताट वाढलं आणि मी जेवले. तिच्या हाताला आईची चव आहे.

सुजाता, तुझ्या आईनं तुम्हाला जे सांगितलं तसं झालं नव्हतं. तिनं माझ्यासाठी ते तसं करून सांगितलं, कदाचित तसं व्हायला हवं होतं म्हणून. ती भिंतीपलीकडे उपाशी बसली होती आणि मी तिच्या भाकरी माझ्या म्हणून वाढत होते. हे तुझ्या घरात, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही, म्हणून लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवते आहे.

रविवारी हे छापून येईल. आमच्याकडे पुरवणी पहिल्यांदा ह्यांच्या हातात जाते. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.