रंगाऱ्यांच्या घाटावर सोडलेलं गटार

माझे वडील नत्थूजी रंगारी यांच्यावर अन्याय झाला पंचावन्न साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी. त्या दिवशी आमच्या गावच्या कमेटीने बाजाराचं नवं गटार नाल्यात सोडलं, तेही रंगाऱ्यांच्या घाटाच्या वरच्या अंगाला. घाटाखाली न्यायचं तर थोडं जास्त खणावं लागलं असतं, एवढंच कारण. दीड वर्षाने रंगाचे हंडे बैलगाडीत घालून आम्ही चांदा जिल्हा सोडला. निरोपाला आलेले विचारत होते, "नत्थूभाऊ, गाव काऊन सोडून राह्यले?" काऊन! नाकं बंद होती का तुमची?

त्या दीड वर्षात लाल लुगडं लाल निघेना. सरसाबाई पाटलीण भर बाजारात म्हणाली, "भाऊ, हा लाल हाय का पोतेरं? पोरीले हे नेसवून मांडवात उभी करू?" मी गटाराकडे बोट दाखवलं, तरी बाबांना पाण्याचा संशय आला नाही. त्यांना वाटलं, आपला हात बिघडला. रंग बदलले, भट्टी बदलली, मायवर खेकसले. मी कमेटीकडे अर्ज नेला, तर मेंबर म्हणाले, "तुमीच तं नाल्यात रंग सोडता!" सोडतो, घाटाच्या खाली. त्यालाही नीट वाट काढा, असंच मी लिहिलं होतं. अर्ज वाचला कोणी?

नागपुरात वस्तीच्या तोंडाशीच नळ आहे. पहिलं लुगडं वाळत घातलं आणि बाबा ओरडले, "अवं, पाह्य! माहा हात नाई बिघडला!"

माय म्हणाली, "मंग दीड वर्स मले काऊन शिव्या देल्ल्या?"

बाबा हसले, मग तोंड फिरवून बसले. मला मात्र कमेटीचा संताप आला.

हे शहर आमच्यावर मेहेरबान नाही. इथे आमचं नावही कोणाला ठाऊक नाही. पण पाणी, सडक, वीज आहे, म्हणून शेजारी छापखाना चालतो, पलीकडे साबणवाला. आमच्या गावातून रंगारी गेले, मागून लुगड्यांचे व्यापारी गेले, आता गाडीवान रिकामे बसतात. आणि कमेटी पत्रक काढते, 'गावचा धंदा वाढवा!' पत्रकांनी धंदा वाढता, तर हे धरून मी गावाला धाडलेल्या पत्रकांनी केव्हाच वाढला असता.

बाबा अजून म्हणतात, "घाट साफ झाला का सांग, आपुन निंगू." जिथे त्यांना आपलं काम नीट करता येईल, ते माझं घर. तेवढंही जमत नसेल, तर जन्मगाव म्हणून नुसते गळे कशाला काढायचे?

मागे राहिलेल्यांनो, हळहळ पुरे. येत्या सभेला जा, मेंबरांना उठवून नाल्यावर आणा, आणि लग्नसराईच्या आत गटार घाटाखाली वळवायला लावा. नाही म्हणाले, तर कुदळ तुम्ही घ्या.