रामटेकेभाऊंचा अंगठा

रामटेकेभाऊ अंगठा दाबल्याशिवाय बोलत नसत. हातात पेन असेल तर पेनावर, कप असेल तर कपाच्या कानावर, काहीच नसेल तर स्वतःच्या बोटावर अंगठा दाबायचा, बोलायचं, अंगठा सोडायचा आणि समोरच्याकडे बघत गप्प बसायचं. अंगठा दाबलेला असताना तुम्ही काही बोललात तर ते त्यांना खरोखरच ऐकू येत नसे. लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्यांनी काही विचारलं तेव्हाही हे अंगठा दाबून आपलंच पुढे बोलत राहिले, असं विभागात सांगत. मला ते खरं वाटतं.

वनविभागात ते वायरलेस मेकॅनिक होते. चंद्रपूरची कंट्रोल रूमही तेच सांभाळत, कारण दुसऱ्या कुणी सांभाळलेली त्यांना चालत नसे. मी तिथे जीप चालवायचो. आमच्या भाषेत मोबाईल म्हणजे खिशातला फोन नव्हे. जीपमध्ये डॅशबोर्डखाली बसवलेला वायरलेस सेट, आणि त्यावरून त्या गाडीचंही नाव तेच. पहिल्या भेटीत माझा सेट उघडून बसलेल्या भाऊंना मी विचारलं की, फोनवर दोघांना एकदम बोलता येतं, मग यावर का येत नाही? त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर अंगठा दाबला.

"आयक. अँटेना एकच हाय. बोलाची बी तेच अन् आयकाची बी तेच. बटन दाबलं का आतला रिले टक् करते, अँटेना बोलणाऱ्या भागाले जोडली जाते अन् स्पीकर बंद होते. सोडलं का पुन्हा टक्, आता आयक. दोन्ही संगं होत नाई. मानसाच्या डोक्यात रिले नाई, म्हनून घरोघरी भांडन हाय."

अंगठा सुटला. म्हणजे आता माझी पाळी.

आमचे साहेब माइकवर ओरडत. सगळ्या जंगलाने ऐकलं पाहिजे अशी त्यांची इच्छा. भाऊ त्यांना तोंडावर सांगत, "साहेब, बोंबलून फायदा नाई. आत लिमिटर हाय. आवाज हद्दीच्या वर गेला का तो कापते. तुम्ही वाघासारखे ओरडा का बकरीसारखे, तिकडं सारखंच जाते." साहेबांना यात बकरी कोण ते कळायचं, पण भाऊंशिवाय सेट कोण दुरुस्त करणार, म्हणून ते गिळायचे.

कंट्रोल रूममध्ये दिवसभर स्पीकरची खरखर चालू असे. ती बंद ठेवायला सेटवर एक खटका असतो, सिग्नल आला तरच आवाज बाहेर सोडतो. भाऊ तो वापरत नसत. म्हणत, "खरखर हाय म्हंजे कोनी नाई. कोनी नुसतं बटन दाबलं, एक शब्द नाई बोलला, तरी खरखर थांबते. मंग समजाचं, मानूस हाय." आल्या-गेल्याचं डोकं उठे. भाऊ मात्र त्या खरखरीत निवांत डबा खात.

आता मधुकरचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत. मधुकर त्यांचा धाकटा भाऊ, आमच्याच विभागात ड्रायव्हर, गोंडपिपरीला. त्याची गाडी मोबाईल सात. हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण नाटकावरून. आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की नाटक आलंच. सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावात मधुकर खलनायक झाला होता, आणि अॅम्प्लिफायर भाऊंकडे होता. आवाज फाटू नये म्हणून भाऊंनी मोठ्या मायेने त्यात लिमिटर बसवला. मधुकरने रंगमंच हादरवणारी डरकाळी फोडली, आणि कर्ण्यातून ती नोकराच्या 'जी सरकार'एवढीच बाहेर आली. त्याने आणखी जोर लावला. तेवढीच आली. गाव हसून लोळलं. मधुकरने दाढी-मिशा काढून अॅम्प्लिफायरवर ठेवल्या आणि भावाशी बोलणं सोडलं. भाऊंचं म्हणणं एकच, "सर्किट बराबर होतं." आणि ते खरोखरच बरोबर होतं, हीच तर अडचण होती.

पण ड्युटीचं काय? ड्युटीवर कंट्रोलला मोबाईल सातशी बोलावंच लागे. तेव्हा या दोघांनी सगळा संसार ड्युटीत घातला. फोन दोघांकडेही होते, पण फोन म्हणजे भावाशी बोलणं झालं. "कंट्रोल टू मोबाईल सात, मेसेज नोट करा. आईचे गुडघे दुखतात. येताना तेल आना. ओव्हर." "मोबाईल सात. कोन्तं तेल? ओव्हर." हे सगळं अख्खा विभाग ऐकत असे, आणि आईला कोणतं तेल गुण देईल यावर नागभीडकडचे लोकही मत देत.

एकदा दुरुस्तीच्या फेरीवर मी भाऊंना घेऊन त्यांच्या गावी जेवायला थांबलो, तर अंगणात मोबाईल सात आधीच उभी. मधुकर तिच्यात बसलेला. भाऊ माझ्या जीपमधून उतरलेच नाहीत. मध्ये दहा हातांचं अंतर असेल. इतक्यात माझ्या सेटवर आवाज आला, "मोबाईल सात टू कंट्रोल. म्हैस सुटली हाय. ओव्हर." भाऊंनी माइक उचलला, "मेसेज मिळाला. कोन्या दिशेनं? ओव्हर." म्हैस दोघांच्या मधून गेली. तिच्यामागे त्यांची आई काठी घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, "दोघायच्या तोंडाले कुलूप अन् मी बुढी म्हशीच्या मागं." तेवढ्यात नागभीडहून एका उत्साही वनपालाने विचारलं, म्हैस पाळीव की रानगवा, नोंद करायची आहे.

मला हसू यायचं आणि रागही. भाऊंना म्हणालो, जा ना, दोन शब्द बोला. ते म्हणाले, "बोलतो ना रोज." खरंच बोलत होते. म्हणूनच त्यांची निवृत्ती जवळ आली तसा मी दिवस मोजू लागलो. माइक गेला की या दोघांचं बोलणंच संपणार होतं, हे भाऊंनाही कळत होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मधुकरला वाऱ्याची दिशा इतक्या वेळा विचारली की साहेबांना वणव्याची शंका आली.

निरोप समारंभ कंट्रोल रूममध्येच झाला. शाल, नारळ, हार. साहेबांचं भाषण लिमिटर नसल्यामुळे फार मोठ्याने झालं. मग भाऊंनी हारासकट माइक उचलला.

"कंट्रोल टू मोबाईल सात. आज शेवटची ड्युटी. उद्यापासून इथी दुसरा मानूस राहीन. काही मेसेज असन तर बोला. ओव्हर."

अंगठा सुटला. खरखर, बराच वेळ नुसती खरखर. मग ती थांबली. मागे कुठेतरी होला पक्षी घुमत होता, आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

"सेट बंद पडला का?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. मधुकर हाय. बटन दाबून बसला हाय."

"मग त्याला सोडायला सांगा."

"कसं सांगू? दाबून हाय तोवर त्याले आयकू येत नाई."

नव्या सेटमध्ये काही वेळाने बटण आपोआप सुटण्याची सोय असते; मधुकरचा सेट जुना होता. साहेबांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. दिवस वणव्याचे. चॅनल एकच, आणि त्यावर सगळा विभाग मधुकरचा श्वास ऐकत अडकलेला. साहेब स्वतःच्या नैसर्गिक आवाजात म्हणाले, "रामटेके, तुम्ही मेकॅनिक आहात ना अजून? जा आणि बटण दुरुस्त करा."

भाऊ शाल, हार आणि स्क्रूड्रायव्हरसह माझ्या जीपमध्ये बसले. गोंडपिपरीपर्यंत आमच्या सेटवर तो होला सोबत होता. मी आवाज कमी करायला हात नेला तेव्हा भाऊंनी तो बाजूला सारला.

मोबाईल सात नाक्याजवळ मोहाच्या झाडाखाली उभी होती. मधुकर आत, माइक तोंडापाशी, अंगठा दाबून पांढरा पडलेला. बटणाला काहीही झालेलं नव्हतं. भाऊ खिडकीशी गेले.

"बटन सोड बे. तू दाबून बसशीन तं मी बोलू कसा?"

मधुकरने बटण सोडलं. टक् झालं आणि स्पीकरमधून सगळ्या विभागाच्या तुंबलेल्या शिव्या बाहेर पडल्या. भाऊंनी आत हात घालून सेटच बंद केला. आता तिथे ना कंट्रोल होतं, ना मोबाईल सात. दोघेही इतके अवघडले की मला वाटलं, यांना पुन्हा सेट लावून द्यावा.

"लिमिटर काढाले पायजे होता मी," भाऊ म्हणाले.

मधुकरने समोरच्या टपरीकडे पाहिलं. "दादा," तो म्हणाला, "चाय घेशीन का?"

भाऊंच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. मी सवयीने त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. तो मोकळा होता. कशावरही न दाबता ते म्हणाले, "सांग. दोन सांग."

तिथे आम्ही तिघे होतो. मी माझा चहा वेगळा सांगितला.