स्वेटरासकट वजन

माझ्या आईचं वजन आमच्या शेडमधल्या लोखंडी काट्यावर व्हायचं. मखमलाबादच्या पुढे आमची फुलशेती. ज्या काट्यावर झेंडूच्या गोण्या चढायच्या, त्याच काट्यावर रोज सकाळी आई भिंतीला एक हात लावून उभी राहायची. दांडीवरचं वजन सरकवून आकडा वाचायची ती माझी वहिनी, आणि तो आकडा ती शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूने लिहायची. वहिनी चौथी शिकलेली. मी नर्सिंगचा कोर्स केलेली, सातपूरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरीला. तरीही आईला इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या दारावरून ठरायचं. मला ते सहन होत नव्हतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आईचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, अंगात पाणी साठायचं, आडवं झालं की दम लागायचा. गोळ्या रोजच्या होत्या, पण अधूनमधून त्या पुऱ्या पडायच्या नाहीत. मग लघवी वाढवणारं इंजेक्शन शिरेतून द्यायला लागायचं. आमच्याकडे त्याला सगळे पाण्याचं इंजेक्शन म्हणायचे. ते घरी देता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी माझा हात पाहिला, सुई कशी धरते, किती सावकाश सोडते ते पाहिलं, आणि मगच हो म्हणाले. पण नियम घालून दिले. वजन दोन-तीन दिवसांत किलोभर वाढलं तर एक अँपूल, दोन किलो वाढलं तर दोन. नाही वाढलं तर सुईला हात लावायचा नाही. द्यायच्या आधी बीपी बघायचं. सकाळीच द्यायचं, म्हणजे रात्रभर उठबस नको. उलट्या-जुलाब असले तर द्यायचं नाही, आधी त्यांना फोन करायचा. आणि वजन रोज एकाच वेळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत.

हे सगळं त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. पण वजनाचं सांगताना ते वहिनीकडे बघत होते. साहजिकच होतं, घरात ती राहत होती. तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

तेव्हापासून असं सुरू झालं. वजन वाढलं की वहिनी कोपऱ्यावरच्या बूथवरून कारखान्यात फोन करायची. "ताई, दीड किलो वाढलंय," एवढंच. मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बस बदलून जायची, इंजेक्शन द्यायची, दुपारपर्यंत थांबून दुपारपाळीला परत. आईचा हात माझ्या मांडीवर असायचा. मी घड्याळाकडे बघत औषध थेंबाथेंबाने सोडायची, कारण घाईने सोडलं की कान वाजतात, हे मला माहीत होतं आणि वहिनीला नव्हतं. तेवढी पाच मिनिटं आई माझी असायची. सुई काढली की आई हाक मारायची, "अगं ए, जरा मोरीपर्यंत धर गं मला." ती हाक वहिनीला असायची. मी शेजारी बसलेली असताना.

आणि फोन आला नाही की? लिहायला लाज वाटते, पण आईचं वजन वाढलं नाही की मला वाईट वाटायचं. दवाखान्यात कुणाच्या बोटाला पट्टी बांधत असले तरी कान फोनकडे. पंधरा दिवस फोन नाही म्हणजे आई बरी आहे, हे कळायचं. आणि पोटात दुखायचंही. न बोलावता रविवारी गेले तर आई म्हणायची, "आलीस? बस. हिनं माझं समदं केलंय." हिनं म्हणजे वहिनीनं. लेक ती लेक, सून ती सून, असं लोक म्हणतात. आमच्या घरात ते कुणी आईला सांगितलं नव्हतं बहुतेक.

त्या वर्षी मार्गशीर्षात मी रजा काढून दोन दिवस राहायला गेले, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आईसाठी स्वेटर विणला होता. जाड लोकरीचा, पुढे बटणांचा, गडद लाल. रात्रपाळीच्या कितीतरी रात्री त्यात गेल्या होत्या. आईने तो घातला तो काढलाच नाही. "लय ऊब हाय गं," म्हणाली, आणि रात्री तो घालूनच झोपली. मी वहिनीकडे बघितलं. ती भाकऱ्या थापत होती, तिने मान वर करून "छान दिसतोय आत्या तुम्हाला," म्हटलं. सासूला ती आत्या म्हणायची. तिला काहीच वाटलं नाही, याचाही मला राग आला.

दुसरा दिवस बुधवार. गुरुवारच्या पूजेसाठी बाजारात फुलं लागतात, म्हणून भाऊ-वहिनी उजाडायच्या आत तोडणीला गेलेले. आई उठून खाटेवर बसली होती, वहिनीची वाट बघत.

"चहा घेतेस?" मी विचारलं.

"ती आल्यावर. आधी काटा, मंग च्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थंडीत म्हाताऱ्या माणसाला चहासाठी ताटकळत ठेवतात! मी आलं घालून चहा केला, मोठा पेला भरून दिला. बरोबर दुधात कुस्करलेली भाकरी दिली. आईने दोन्ही मुकाट्याने संपवलं. मग मी म्हटलं, "चल, आज काट्यावर मी बघते."

आई माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण म्हणाली नाही. अंगात स्वेटर, वरून शाल, पायात चपला, असं तिला मी दंडाला धरून शेडमध्ये नेलं आणि काट्यावर उभं केलं. दारावर कालचा आकडा होता, साडेचोपन्न. मी दांडीवरचं वजन सरकवलं. साडेछप्पन्न.

दोन किलो. मला आनंद झाला. हो, आनंदच. वहिनीच्या दारावर सगळं ठीक दिसत होतं, आणि दोन किलो पाणी माझ्या नजरेला पडलं होतं. वहिनीचा खडू उचलून तिच्या आकड्याखाली माझा आकडा मी जरा मोठाच लिहिला.

आईला आत आणून घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा नावालाच पडला. इतकं पाणी साठल्यावर तो खोल पडायला हवा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. बीपी मोजायचं यंत्र पिशवीत होतं, ते मी बाहेरच काढलं नाही. वहिनी यायच्या आत सगळं उरकायचं होतं. दोन अँपूल सिरिंजमध्ये भरले आणि नेहमीसारखं सावकाश सोडायला लागले. तेवढ्यात वहिनी दारात आली, हातात फुलांची पाटी.

"ताई, वजन केलं का? काल आत्यांना..."

"दोन किलो वाढलंय वहिनी. तुमच्या लक्षात नाही आलं."

"न्हाई, पर काल त्यांना दिवसभर..."

"मी नर्स आहे ना? मला करू द्या."

तिने पाटी खाली ठेवली. तिची नजर आईच्या स्वेटरवर गेली, मग चपलांवर. सिरिंज तोवर रिकामी होत आली होती.

अकरा वाजेपर्यंत आई चारदा मोरीत जाऊन आली आणि मी खुशीत होते. बाराला तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तोंडाला कोरड पडली. एकच्या सुमाराला ती पुन्हा उठली आणि उठल्या उठल्या डोळे फिरवून खाली आली. वहिनीने तिला अधांतरी झेललं म्हणून डोकं ओट्यावर आपटलं नाही. आता मी यंत्र काढलं. वरचं बीपी सत्तर. तेव्हा वहिनी म्हणाली, "काल त्यांना दिवसभर जुलाब व्हते ताई. तेच सांगत व्हते मी."

भावाने टेम्पोतली फुलं तिथेच अंगणात ओतली आणि आईला मागे गोधडीवर निजवलं. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिचे हात गार पडले होते आणि नाडी बोटाला लागता लागता सुटत होती. ही गेली तर माझ्या हाताने गेली, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी सलाईन लावलं, तेही जपून जपून, कारण हृदय थकलेलं. रक्त तपासलं, पोटॅशियम फार खाली गेलं होतं. संध्याकाळी आईने डोळे नीट उघडले तेव्हा डॉक्टर आमच्याकडे वळले. "कालपर्यंत वजन ठीक होतं. आज दोन किलो? वजन केलं कुणी?"

मी आईच्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

"मीच केलं डॉक्टर," वहिनी म्हणाली. "स्वेटरासकट उभं केलं. च्याबी दिला व्हता. चुकलं माझं."

डॉक्टर तिला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. भाऊही बोलला. ती पदर तोंडाला लावून खाली बघत उभी होती. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही बीपी बघितलं होतंत ना?" आणि मी मान हलवली. हो म्हणून.

आईला त्या रात्री तिथेच ठेवून घेतलं. परतताना टेम्पोत मागे वहिनी आणि मी, आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "का केलंत असं?"

"डॉक्टरांनी तुमचं बंद केलं असतं, तर सुई कोण देणार व्हतं आत्यांना?" ती म्हणाली. "माझं काय, काट्यावर उभं करायचं. ते कोण बंद करतंय?"

तिने हे थोरपणाने म्हटलं नाही, कुरकुरतच म्हटलं. आणि मी उपकार मानायच्या ऐवजी काय केलं? जळले. दिवसभरात ज्या एका गोष्टीचा विचार व्हायला हवा होता, तो तिने केला होता. चौथी शिकलेल्या बाईने.

त्यानंतर मी कधी काट्याला हात लावला नाही. वहिनी फोनवर आकडा सांगायची, मी जायची, आधी बीपी बघायची, शंका आली तर डॉक्टरांना फोन करायची. दारावरचा माझा तो मोठा आकडा वहिनीने ओल्या फडक्याने पुसला होता. पण पत्र्यावर पांढुरकं काहीतरी राहिलं होतं, किंवा मलाच दिसायचं. चोराच्या मनात चांदणं.

आई पुढे तीन वर्षं जगली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तिचा शेवटचा हिवाळा. मी रविवारी सकाळी गेले होते. आई खाटेवर बसलेली, अंगात तोच लाल स्वेटर, कोपरांवर विरलेला. आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मी बोलून टाकलं. "आई, त्या दिवशी वजन वहिनीने नव्हतं केलं. मी केलं होतं. आणि बीपी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांशी खोटं बोलले."

आई हसली. "काट्यावर मीच उभी व्हते ना गं? मला ठाऊक न्हाई व्हय?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीन वर्षं मी एक गोष्ट लपवत होते, आणि जिच्यापासून लपवत होते ती त्या काट्यावर उभी होती.

"स्वेटर काढायचा असतो, च्या प्यायचा नसतो, समदं ठाऊक व्हतं. जुलाबाचंबी व्हतं."

"मग बोलली का नाहीस? जीव गेला असता तुझा!"

"तू सुई द्यायला यायची न् जायची," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्यासाठी च्या केलास. दंडाला धरून काट्यापोतर नेलंस. म्हटलं, आता हिला काय सांगायचं, की तुझं चुकतंय म्हणून? हात काढून घेतला असतास."

इतकी वर्षं आई वहिनीची झाली म्हणून मी जळत होते, आणि आई माझा हात सुटू नये म्हणून गप्प बसली होती.

बाहेरून वहिनीची हाक आली, "आत्या, चला, काट्यावर या."

आईने स्वेटरची बटणं एकेक करून सोडली आणि स्वेटर माझ्या हातात दिला. "धर," म्हणाली. "आले मी."